नाव कुणाचे, पाणी कुणाचे?
उन्हाळी परसबागेचा एक इतिहास

वैशाखातल्या दुपारी देशावरच्या एखाद्या जुन्या घराच्या परसात डोकावून पाहावे. विहिरीचे पाणी तळाला गेलेले असते, गुलाबाने मान टाकलेली असते, तुळशीची पाने मलूल झालेली असतात. अशा वेळी काही झाडे मात्र ऐन भरात असतात. फाटकावरची बोगनवेल पानांपेक्षा रंगानेच अधिक भरलेली. मांडवावर मधुमालती, तिची फुले संध्याकाळी पांढरी उमलतात, दुसऱ्या दिवशी गुलाबी आणि तिसऱ्या दिवशी लाल होतात. न्हाणीच्या सांडपाण्यावर पोसलेली पानफुटी. कुंपणाच्या कोपऱ्यात कोरफड आणि फड्या निवडुंग, कुणी कधी लावले ते घरातल्या कुणालाच न आठवणारे.

माझ्या आजीच्या परसात हे सगळे होते. लहानपणी तिला एकदा विचारले होते, “आजी, ही पानफुटी कुठून आणलीस गं?” तिचे उत्तर सरळ होते. “मागच्या आळीतल्या काकूंनी एक पान दिलं होतं. त्यांना त्यांच्या माहेराहून मिळालं होतं.” तिच्या लेखी पानफुटीचा इतिहास तिथे पूर्ण होत होता. पुढे वनस्पतींविषयीची जुनी पुस्तके आणि बागांच्या नोंदी वाचताना लक्षात आले, की छापील इतिहास बरोबर उलट्या टोकाने सुरू होतो. त्यात दर्यावर्दी असतात, गव्हर्नर असतात, कंपनीचे डॉक्टर असतात. मागच्या आळीतल्या काकू त्यात कुठेच नसतात. ही दोन टोके जोडता येतात का, हे पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

आधी घरच्या वेलींविषयी. वेल हे आपल्याकडे फार जुन्या काळापासून घरातले माणूस आहे. कालिदासाच्या शाकुंतलात आश्रमातल्या नवमल्लिकेला शकुंतलेने वनज्योत्स्ना हे नाव दिलेले आहे, तिने आंब्याला वरले असे आश्रमातल्या मुली मानतात, आणि सासरी निघताना शकुंतला तिला बहिणीसारखी भेटते. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 साली ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणले, तेव्हा मराठी प्रेक्षकाला या वेलीशी असलेले नाते समजावून सांगावे लागले नसणार. जाई, जुई, मोगरा, कुंद ही सगळी एकाच कुळातली भावंडे. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आंब्याची डाळ, पन्हे आणि मोगऱ्याचा गजरा हे त्रिकूट आजही मोडलेले नाही. पण या भावंडांना उन्हाळ्यात वेळच्या वेळी पाणी लागते. पाण्याची ददात असलेल्या घरात त्यांच्या शेजारी दुसऱ्या कुणाला तरी जागा मिळणे साहजिक होते. ते दुसरे बहुतेक सगळे बाहेरून आले.

त्यांतली सर्वांत ठळक बोगनवेल. लुई आंत्वान द बोगनव्हिल हा फ्रेंच दर्यावर्दी 1766 साली जगप्रदक्षिणेला निघाला आणि 1769 साली परतला. त्याच्या ताफ्यात फिलिबेर कोमेर्सों नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ होता. 1767 मध्ये जहाजे ब्राझीलच्या रिओ द जानेरो बंदरात थांबली असताना ही वेल त्यांच्या संग्रहात आली. पुढे 1789 साली आंत्वान लोरां द जुसिए याच्या ग्रंथात ती ताफ्याच्या प्रमुखाच्या नावाने नोंदली गेली.

या गोष्टीत आणखी एक व्यक्ती आहे. कोमेर्सोंचा मदतनीस म्हणून जहाजावर चढलेला तरुण वास्तविक एक स्त्री होती. तिचे नाव जान बारे. ती बर्गंडीतल्या शेतमजूर घरातली. फ्रेंच नौदलाच्या जहाजांवर स्त्रियांना मज्जाव होता, म्हणून ती पुरुषवेषात वावरत होती. रिओला पोहोचेपर्यंत कोमेर्सोंच्या पायाचे दुखणे बळावले होते, त्यामुळे रानावनात हिंडून नमुने गोळा करण्याचे काम प्रामुख्याने तिनेच केले असावे, आणि ही वेलही तिच्याच हाती प्रथम लागली असावी, असा अभ्यासकांचा तर्क आहे. पुढे तिचे गुपित फुटले. काही वर्षे मॉरिशसमध्ये काढून ती फ्रान्सला परतली आणि पृथ्वीला प्रदक्षिणा घालणारी पहिली ज्ञात स्त्री ठरली. वेलीला नाव मिळाले सेनापतीचे. बारेच्या नावाने एका वनस्पतीचे नामकरण झाले ते 2012 साली, म्हणजे जवळजवळ अडीचशे वर्षांनी.

बोगनवेल भारतात पसरली ती एकोणिसाव्या शतकात, कोलकात्याच्या आणि इतर ठिकाणच्या सरकारी बागांमधून. बंगल्यांच्या कमानींवरून ती शाळांच्या, स्टेशनांच्या आणि मग घरांच्या फाटकांवर आली. मराठी कानांनी इथे एक मजेदार काम केले. ‘बोगनव्हिल’मधल्या ‘व्हिल’चे त्यांनी ‘वेल’ करून टाकले. सेनापतीच्या आडनावाचा शेवट आता वनस्पतीचे वर्णन झाला होता. आज बोगनवेल म्हणताना कुणाच्या डोळ्यांसमोर फ्रेंच आरमार येत नाही. जुन्या घरातल्या बायकांना तिचा स्वभावही नेमका ठाऊक होता. तिला पाणी फार घातले तर ती पानांनी माजते. ताण दिला तर रंगाने भरते. तो रंगही फुलांचा नव्हे. तीन रंगीत, कागदासारख्या पानांच्या आत जी बारीक पांढरट नळी दिसते ते तिचे खरे फूल. ऐन टंचाईत बहरणारी ही वेल दुष्काळी तालुक्यांना मानवली यात नवल नाही.

मधुमालतीची कथा वेगळी. तिचे पूर्वीचे शास्त्रीय नाव ‘क्विस्क्वालिस’. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ होतो ‘कोण? काय?’ लिनियसच्या ग्रंथात 1762 साली ते नोंदले गेले. ही वनस्पती आधी झुडूप असते, मग वेल होते, आणि फुलांचे रंगही बदलते; नाव ठेवणाऱ्याने हात टेकून प्रश्नच नाव म्हणून देऊन टाकला. इंग्रजांनी तिला रंगूनची वेल म्हटले. आपण तिला मधुमालती म्हटले. मालती हे संस्कृत कोशांत जाईचे नाव आहे. म्हणजे नवीन आलेल्या सुनेला घरातल्या थोरल्या जावेचे नाव जोडून दिले, आणि ती घरातली झाली.

पण नावाने पूर्ण कायापालट झाला तो कृष्णकमळाचा. ही वेल दक्षिण अमेरिकेतली. तिथे गेलेल्या स्पॅनिश धर्मप्रसारकांना तिच्या फुलात येशूच्या यातनांची सगळी कथा दिसली. मधले तंतुवलय म्हणजे काट्यांचा मुकुट, पाच पुंकेसर म्हणजे पाच जखमा, वरचे तीन भाग म्हणजे तीन खिळे, दहा पाकळ्या म्हणजे दहा शिष्य. तिचे युरोपीय नाव याच अर्थाचे आहे. तीच वेल आपल्या अंगणात आली तेव्हा कुणीतरी त्याच फुलात दुसरी कथा वाचली. वलयातले शंभरएक तंतू म्हणजे कौरव, पाच पुंकेसर म्हणजे पांडव, वरचे तीन म्हणजे ब्रह्मा, विष्णू, महेश, आणि मध्यभागी कृष्ण. तंतू तेच, पुंकेसरही तेच. पहिल्या वाचनाची वाटचाल युरोपातल्या ग्रंथांत सापडते. दुसरे वाचन कुणी केले, कोणत्या गावात, कोणत्या साली, याची नोंद नाही. ते बहुधा एखाद्या अंगणात मुलांना फूल दाखवताना घडले असेल. मराठी मुलांना आजही ते तसेच, फूल हातात घेऊन, बोटाने मोजत सांगितले जाते.

आता वेलींकडून मांसल पानाखोडांच्या झाडांकडे येऊ. उन्हाळी परसात वेली शोभेसाठी असल्या, तर ही झाडे टिकून राहण्यासाठी असतात. यांत कोरफड सर्वांत जुनी पाहुणी. तिचे मूळ अरबस्तानाकडचे, पण आयुर्वेदाने तिला कुमारी म्हणून कधीच आपलेसे केले होते. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा औषधींवरचा ग्रंथ 1563 साली गोव्यात छापला गेला, त्यात सुरुवातीलाच कोरफडीच्या रसापासून होणाऱ्या बोळाची, म्हणजे एळियाची, चर्चा आहे. सोकोत्रा बेटावरचा माल उत्तम असे तो सांगतो. या ओर्ताकडे मुंबई बेट पोर्तुगीज राजाकडून खंडाने होते आणि तिथे त्याची बाग होती. आपल्या किनाऱ्यावरच्या झाडापाल्याची माहिती त्याने वैद्य, व्यापारी आणि घरातली नोकरमाणसे यांना विचारून गोळा केली. अशा बहुतेक माहीतगारांची नावे मात्र वाचकाला कळत नाहीत.

निवडुंगाचा मामला अधिक गुंतागुंतीचा. मराठीत निवडुंग हा शब्द दोन अगदी वेगळ्या कुळांना लागतो. त्रिधारी निवडुंग, साबर, शेर यांना ओरखडा काढला की पांढरा चीक येतो. संस्कृत वैद्यकातली स्नुही ती हीच. फड्या निवडुंगाला असा चीक नसतो, कारण तो अमेरिकेतल्या कॅक्टस कुळातला. ‘फड्या’ हे विशेषण नागाच्या फडीवरून आले. मूळ नाम तसेच ठेवून नव्या झाडाला विशेषण लावले गेले, यावरूनच थोरला कोण आणि धाकटा कोण ते कळते. पुण्याच्या नाना पेठेत निवडुंग्या विठोबाचे देऊळ आहे. आषाढी वारीत तुकोबांची पालखी पुण्यात तिथे मुक्कामाला असते. विठोबाची मूर्ती निवडुंगाच्या रानात सापडली, म्हणून हे नाव, अशी परंपरा सांगते. ते निवडुंग त्रिधारी असेल तर या मातीतले, फड्या असेल तर सातासमुद्रापलीकडचे. विठोबाला अर्थातच दोन्ही चालले असते.

फड्या निवडुंगामागे ईस्ट इंडिया कंपनीचा एक मोठा डाव होता. मेक्सिकोत या निवडुंगावर पोसणाऱ्या एका किड्यापासून अत्यंत मौल्यवान लाल रंग मिळे आणि त्याचा मक्ता स्पेनकडे होता. हा रंग भारतात तयार करावा म्हणून मद्रासमध्ये जेम्स अँडरसन या कंपनीच्या डॉक्टरने 1780 च्या दशकात खटपट सुरू केली, निवडुंगाचे मळे लावले. 1795 साली कॅप्टन नील्सन याने रिओ द जानेरोहून किडे बंगालमध्ये आणले. पण ते उत्तम रंग देणाऱ्या जातीचे नव्हते. रंगाचा धंदा उभा राहिला नाही. उलट या किड्याने एका जातीच्या निवडुंगाची बनेच्या बने खाऊन टाकली. तेव्हा लोकांच्या ध्यानात आले, की हा रंगाचा नव्हे तर तण मारण्याचा किडा आहे. 1836 ते 1838 या काळात तो मुद्दाम दक्षिण भारतात नेला गेला. तणाचा बंदोबस्त किड्याकरवी करण्याचे जगातले हे अगदी सुरुवातीचे उदाहरण मानले जाते.

दख्खनमधल्या बऱ्याच निवडुंगाला मात्र हा किडा लागू पडला नाही. एकदा रुजलेला फड्या निवडुंग गावकुसाला, शेताच्या बांधाला, ओसाड वाड्यांना वेढून बसला. दुष्काळात त्याचे काटे भाजून गुरांपुढे टाकले जात. त्याची लाल बोंडे खाऊन मुलांची तोंडे रंगत. कंपनीला न मिळालेला रंग असा पोरांना फुकट मिळाला. शेवटी 1926 साली श्रीलंकेतून दुसऱ्या जातीचा किडा आणला गेला आणि पुढच्या काही वर्षांत दाट बने विरळ झाली. आज फड्या निवडुंग बांधावर क्वचित आणि गच्चीवरच्या कुंडीत हटकून दिसतो. दीडशे वर्षांत तो रंगाचे भांडवल, कुंपण, दुष्काळातली वैरण, तण आणि शोभेचे झाड अशा पाच भूमिका करून बसला.

पानफुटी मूळची मादागास्करची. तिचे पान मातीवर ठेवले, की कडेच्या खाचांतून रोपे फुटतात. शाळेच्या पुस्तकामुळे हे सर्वांना ठाऊक आहे. जर्मन महाकवी गटे या झाडाच्या इतका प्रेमात होता, की तो त्याची पाने स्नेह्यांना भेट म्हणून पाठवी. आजीला पान देणाऱ्या काकूंची आणि वायमारच्या महाकवीची रीत एकच होती, याची मला नेहमी मौज वाटते. पण या झाडाचे खरे रहस्य भारतात टिपले गेले. बेंजामिन हाइने हा जर्मन वनस्पतिज्ञ दक्षिण भारतात कंपनीच्या नोकरीत होता. पानफुटीचे पान सकाळी आंबट लागते, दुपारी बेचव होते आणि संध्याकाळी कडसर लागते, असे त्याला आढळले. हे निरीक्षण त्याने पत्राने लंडनच्या लिनियन सोसायटीला कळवले आणि 1815 साली ते छापले गेले. (वाचकांनी मात्र पान चाखण्याच्या भानगडीत पडू नये, या कुळातली झाडे गुरांना विषारी ठरतात.)

या आंबटपणाचा उलगडा पुरता व्हायला विसावे शतक उजाडावे लागले. बहुतेक झाडे दिवसा पानांची छिद्रे उघडून हवेतला कार्बन वायू घेतात, पण त्याच वेळी त्यांच्यातले पाणीही उडून जाते. पानफुटी, फड्या निवडुंग, कोरफड, घायपात यांनी दुसरी वाट काढली. ती रात्री, हवा गार असताना छिद्रे उघडतात, घेतलेला वायू आम्लाच्या रूपात साठवून ठेवतात, आणि दिवसा दारे बंद करून उजेडाच्या मदतीने त्याचे अन्न करतात. सकाळचा आंबटपणा म्हणजे रात्रभराची साठवण, आणि ती खर्ची पडली की दुपारी चव जाते. पाणी भरून ठेवायचे ते पहाटे, उन्हात दारे लावून बसायचे, हा उन्हाळ्यातला आपल्या घरांचा रिवाज. ही झाडे इथे टिकली ती याच रिवाजामुळे. भांडी विसळलेले पाणी त्यांना पुरते. राजवाड्यांच्या कारंज्यांवर जगणारी फुले कारंजी आटल्यावर गेली; मोरीच्या पाण्यावरची ही झाडे राहिली.

आता पुण्याकडे. मुंबई इलाख्याच्या सरकारने पुण्याजवळ दापोडीला 1828 च्या सुमारास, सर जॉन माल्कम गव्हर्नर असताना, वनस्पतिउद्यान सुरू केले. 1838 पासून अलेक्झांडर गिब्सन हा डॉक्टर त्याचा अधीक्षक होता. औषधी आणि उपयुक्त झाडे वाढवणे, देशोदेशीची रोपे आणून पाहणे आणि वाटणे हे तिथले काम. या बागेतल्या झाडांची सुंदर रंगीत चित्रे 1840 च्या दशकाच्या अखेरीस काढून घेतली गेली. ती आज एडिंबरोच्या राजकीय वनस्पतिउद्यानात आहेत आणि हेन्री नोल्टी यांनी 2002 साली त्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. चित्रकार पोर्तुगीज वंशाचा भारतीय होता एवढेच समजते. त्याचे नाव कागदपत्रांत उतरले नाही. एकेका पाकळीची शीर अचूक टिपणारा हात आपल्यापुढे आहे, नाव नाही. पुढे दापोडीची बाग गेली आणि गणेशखिंडीला 1873 साली नवी उभी राहिली. तिथले अधीक्षक मार्शल वुड्रो यांनी भारतातल्या बागकामावर पुस्तक लिहिले. अशा पुस्तकांचा वाचक बंगल्याचा मालक असे. रोज सकाळी पखालीने पाणी घालणारा माळी पानोपानी काम करताना दिसतो, पण बिननावाचाच.

आणि याच वर्तुळात आपल्या मातीतली एक गोष्ट घडली. गिब्सनचा सहकारी आणि नंतरचा जंगल अधिकारी निकोलस डॅल्झेल याने 1860 च्या दशकात जुन्नर परिसरातल्या डोंगरातून एका मांसल खोडाच्या झाडाचे वर्णन प्रसिद्ध केले. बेसॉल्टच्या कड्यांच्या फटीत वाढणारे, पावसाळ्यात पाने धरणारे, उन्हाळ्यात ती टाकून नुसत्या जाड हिरव्या दांड्यांवर तग धरणारे, गर्द लालसर फुलांवर पिवळी नक्षी मिरवणारे हे झाड जगात फक्त महाराष्ट्रात, शिवनेरीसह मोजक्या कड्यांवर सापडते. डॅल्झेलने त्याला नाव दिले ‘फ्रेरिया इंडिका’, त्या वेळचे गव्हर्नर सर बार्टल फ्रेर यांच्या सन्मानार्थ. 1862 साली मुंबईत राणीची बाग उघडली ती लेडी फ्रेर यांच्या हस्ते. म्हणजे एका घराण्याच्या वाट्याला बागही आली आणि कड्यावरचे झाडही.

पुढे मराठीत या झाडाला शिवसुमन हे नाव मिळाले. नाव छान आहे, शिवनेरीची आठवण देणारे आहे. पण बोगनवेल, मधुमालती, कृष्णकमळ ही नावे लोकांच्या जिभेवर आधी घडली आणि पुस्तकात नंतर गेली. शिवसुमनाचा प्रवास उलटा आहे. ते नाव अजून अभ्यासकांच्या आणि गडप्रेमींच्या वर्तुळाबाहेर फारसे आलेले नाही. परदेशातल्या मांसल वनस्पतींच्या संग्राहकांकडे काचघरांत हे झाड पिढ्यान्‌पिढ्या वाढते आहे. खोडाचा तुकडा लावला तरी ते जगते, पाणी कमी लागते, उन्हाळ्याची त्याला सवय आहे. आजीच्या परसाला हवे ते सगळे गुण त्याच्यात आहेत. तरी ब्राझीलची वेल आपल्या फाटकावर आहे, मादागास्करचे पान आपल्या मोरीशी आहे, आणि शिवनेरीचे झाड मात्र कड्यावर, धोक्यातल्या वनस्पतींच्या यादीत. असे का झाले? माझ्या मते उत्तर साधे आहे. ते कधी एका काकूंनी दुसऱ्या काकूंना दिले नाही. सरकारी बागेपासून परसापर्यंतचा शेवटचा टप्पा नेहमी त्यांनीच पार करून दिला होता. अर्थात, कड्यावरून ते उपटून आणणे हा त्यावरचा उपाय नव्हे, तो गुन्हाच ठरेल. संस्थांच्या रोपवाटिकांत वाढवलेल्या रोपांचे तुकडे घराघरांत गेले, तर कड्यावरच्या झाडांना हात लावण्याचे कारण उरणार नाही.

आमच्या घरात झाडांची एक तोंडी वही होती. तीत शास्त्रीय नावे नव्हती. “ही कोपऱ्यावरच्या काकूंची जाई”, “हे मावशीचं कृष्णकमळ”, “ही माहेरची कोरफड”, अशा नोंदी होत्या. आजी गेली, परस गेले, त्या जागी इमारत उभी राहिली. पानफुटीचे एक पान मात्र वेळेवर उचलले होते. ते आता माझ्या गच्चीत आहे. कुंड्यांवर चिठ्ठ्या लावायच्या ठरल्या, तेव्हा एका बाजूला झाडाचे नाव लिहिले आणि दुसऱ्या बाजूला ज्यांनी दिले त्यांचे. पानफुटीच्या चिठ्ठीवर काय लिहावे याचा थोडा वेळ विचार केला, आणि मग लिहिले: मागच्या आळीतल्या काकू, त्यांच्या माहेराहून.